फुल नोड चालवणाऱ्याला मोबदला: का मिळत नाही आणि कसा देता येईल?

ब्लॉकचेन शिकताना मायनरला मिळणारे बक्षीस आपण सगळेच पाठ करतो. बिटकॉइनमध्ये ते 2009 साली दर ब्लॉकमागे 50 नाणी होते आणि एप्रिल 2024 पासून 3.125 नाणी आहे. पण त्याच जाळ्यात रात्रंदिवस चालणाऱ्या फुल नोडला किती मिळते? उत्तर आहे शून्य. असे का, आणि हे बदलता येईल का, हे या पाठात पाहू.

१. फुल नोड काय करतो?

फुल नोड म्हणजे पहिल्या ब्लॉकपासून आजपर्यंतची सर्व नोंद स्वतः उतरवून घेणारा आणि नियमांनुसार तपासणारा संगणक. तेच नाणे दोनदा खर्च झाले का? मायनरने ठरल्यापेक्षा जास्त नाणी घेतली का? चुकीचा ब्लॉक आला की तो नाकारतो आणि पुढे पाठवत नाही.

पतसंस्थेचे उदाहरण घ्या. सचिव वह्या लिहितो, त्याला पगार मिळतो. वार्षिक सभेत एखादा सभासद उठून ताळेबंदातला आकडा न् आकडा तपासतो, त्याला कोणी पैसे देत नाही. पण असे सभासद आहेत म्हणूनच सचिव जपून लिहितो. मायनर हा सचिव, फुल नोड हा तो सभासद.

२. खर्च किती?

कबिनीकाठच्या आमच्या सरगूरसारख्या गावात घरी बिटकॉइनचा नोड चालवायचा आहे असे समजा.

वीज: 10 वॅटचा छोटा संगणक वर्षभर चालला तर 10 × 24 × 365 ÷ 1000 = 87.6 युनिट. युनिटला 7 रुपये धरले तर सुमारे 613 रुपये.

साठवण: संपूर्ण साखळी आज 600 जीबीच्या पुढे गेली आहे, म्हणून 1 टीबीची डिस्क हवी. दिवसाला साधारण 144 ब्लॉक आणि ब्लॉक सरासरी 1.6 एमबी धरला, तर वर्षाला सुमारे 84 जीबी भर पडते. जुने ब्लॉक तपासून टाकून देण्याची सोयही आहे, मात्र तसा नोड इतरांना जुनी नोंद पुरवू शकत नाही.

म्हणजे बिटकॉइनपुरता खर्च फार नाही. खरी अडचण आहे ती सातत्याची: वीज जाते, इंटरनेट तुटते, आणि दुरुस्त करायला वेळ कोणी द्यायचा?

३. सरळ पैसे का देत नाहीत?

सुरुवातीला मायनर आणि फुल नोड एकच असत. पुढे खाणकामासाठी खास यंत्रे आली, ती मोठ्या केंद्रांत गेली आणि दोन्ही कामे वेगळी झाली. बक्षीस मात्र खाणकामाकडेच राहिले. यामागे तांत्रिक कारण आहे.

मायनरने कष्ट केले हे त्याच्या हॅशवरून क्षणात सिद्ध होते. फुल नोडने तपासणी केली हे कसे सिद्ध करणार? त्याचे उत्तर फक्त ‘बरोबर’ किंवा ‘चूक’. ते शेजारच्या नोडकडून नक्कल करता येते. शिवाय प्रत्येक नोडला महिना 100 रुपये जाहीर केले, तर कोणीही एकाच संगणकावर हजार पत्ते दाखवून लाख रुपये उचलेल. एकाने अनेक खोट्या ओळखी घेणे यालाच सिबिल हल्ला म्हणतात. जाळ्यात हजार नोड दिसतील, पण साखळीची प्रत एकच असेल. मोबदला देऊन सुरक्षितता वाढण्याऐवजी ती वाढल्याचा भास होईल.

४. आजवरचे मार्ग

(अ) अनामत ठेव. डॅश या चलनात मास्टरनोड चालवायला 1000 डॅश बांधून ठेवावे लागतात. काही वर्षे ब्लॉकच्या बक्षिसातील 45 टक्के मायनरला, 45 टक्के मास्टरनोडला आणि 10 टक्के विकासनिधीला जात. हजार मास्टरनोड उभे करायचे तर 10 लाख डॅश हवेत, म्हणून खोट्या ओळखी महाग पडतात. तोटा उघड आहे: मोबदला कामापेक्षा भांडवलाला मिळतो.

(आ) स्टेकिंग. इथेरियमने 15 सप्टेंबर 2022 रोजी खाणकाम बंद केले. 32 इथर ठेवून व्हॅलिडेटर होणाऱ्याला मोबदला मिळतो. नुसत्या फुल नोडला तिथेही काही मिळत नाही.

(इ) सेवेचे शुल्क. ज्याला माहिती हवी त्याने नोडवाल्याला पैसे द्यायचे. अनेक कंपन्या हाच व्यवसाय करतात. पण त्यामुळे सगळे मोजक्या कंपन्यांवर विसंबतात. 11 नोव्हेंबर 2020 रोजी इन्फ्युरा ही अशी सेवा बंद पडली. साखळी चालू होती, तरी अनेक पाकिटे आणि ॲप्स थांबली आणि काही एक्स्चेंजना इथरचे व्यवहार रोखावे लागले.

५. एटापल्लीचे दाखले

हा प्रश्न फक्त नाण्यांचा नाही. 2022 मध्ये गडचिरोली जिल्ह्यातील एटापल्ली येथे 65,000 जातीच्या दाखल्यांची नोंद पॉलिगॉन या ब्लॉकचेनवर करण्याचा उपक्रम जाहीर झाला. पॉलिगॉनची सुरुवात 2017 मध्ये मुंबईत मॅटिक या नावाने झाली. तिथे व्हॅलिडेटरच्या जागा 105 पर्यंत मर्यादित ठेवल्या गेल्या. त्यांना मोबदला मिळतो, साध्या फुल नोडला नाही. आणि त्या साखळीची प्रत ठेवायला कित्येक टीबी जागा लागते, घरच्या छोट्या संगणकाचे ते काम नव्हे.

आता विचार करा. अशा दाखल्यावर एखाद्या मुलीचा प्रवेश अवलंबून आहे. महाविद्यालयातला लिपिक कोड स्कॅन करतो, संकेतस्थळ कोणत्या तरी नोडला विचारते आणि ‘खरा’ किंवा ‘खोटा’ असे उत्तर येते. तो नोड कोणाचा? तो बंद असेल किंवा चुकीचे सांगत असेल, तर साखळी कितीही अभेद्य असली तरी मुलीच्या उपयोगाची नाही. स्वतःचा फुल नोड नसेल तर आपण ब्लॉकचेनवर नव्हे, नोडवाल्यावर विश्वास ठेवत असतो.

म्हणून माझे मत असे: अशा उपयोगासाठी मोबदला चलनाच्या नियमांत शोधू नये. ज्यांना तपासणीची गरज आहे त्यांनी, म्हणजे शासनाने, विद्यापीठाने, प्रवेश यंत्रणेने, आपापले स्वतंत्र नोड चालवावेत आणि तो खर्च कार्यालयीन खर्चात धरावा. पतसंस्थेचा सभासद आपली ठेव सुरक्षित राहावी म्हणून ताळेबंद तपासतो. फुल नोडचा खरा मोबदला तोच आहे: दुसऱ्याच्या शब्दावर विसंबावे लागत नाही.

स्वाध्याय

१. 25 वॅटचा संगणक वर्षभर चालवल्यास किती युनिट वीज लागेल?
२. नोडकडे खरोखर साखळीची प्रत आहे हे तपासण्यासाठी जुन्या ब्लॉकचा एखादा तुकडा अचानक मागितला, तर सिबिल हल्ला पूर्ण थांबेल का? कारण द्या.
३. तुमच्या महाविद्यालयाच्या गुणपत्रिका ब्लॉकचेनवर नोंदवायच्या झाल्यास किमान किती आणि कोणाकोणाचे नोड असावेत? आपले उत्तर पाच वाक्यांत मांडा.