संकेतस्थळाचे बिऱ्हाड कधी हलवावे?

रत्नागिरीहून कोल्हापूरला निघालेली गाडी हातखंब्याला मुंबई-गोवा महामार्गाला लागते आणि आमच्या पालीत तो सोडून नाणीज, साखरप्याच्या दिशेने वळते. हातखंबा ते पाली एवढ्या अंतरात तिला गोव्याकडे जाणाऱ्या वाहतुकीबरोबर एकाच रस्त्याने जावे लागते. गणपतीला मुंबईकरांच्या गाड्यांची रांग लागली, की ही गाडीही अडकते. दोष तिचा नसतो, पण रस्ता सामाईक असतो.

शेअर्ड होस्टिंगचे असेच आहे. एकाच सर्व्हरवर, म्हणजे सतत चालू असणाऱ्या एकाच संगणकावर, शेकडो संकेतस्थळे राहतात. प्रोसेसर, मेमरी, डिस्क सगळे सामाईक. म्हणूनच भाडे कमी पडते आणि लहान धंद्याला ते परवडते. सुरुवात येथूनच करावी, असे मी पालीच्या परिसरातील आंबा बागायतदारांना सांगतो. या मंडळींची संकेतस्थळे सांभाळणे हा माझा व्यवसाय. प्रश्न पुढे येतो. वर्षाची कमाई दोन-अडीच महिन्यांत करायची असते. ऐन अक्षय्य तृतीयेच्या आठवड्यात पान उघडले नाही, तर गिऱ्हाईक दुसरीकडे पेटी मागवते. आपल्याला कळतसुद्धा नाही.

मग जागा बदलायची कधी? संकेतस्थळ मंद झाले, एवढ्यावरून ठरवू नये. आधी घर तपासावे. कॅमेऱ्यातून काढलेले ४ एमबीचे १० फोटो एका पानावर टाकले, तर १,००० लोकांना ते दाखवायला सुमारे ४० जीबी माहिती पाठवावी लागते. तेच फोटो २०० केबीचे केले, तर २ जीबीत काम भागते. दुसरी गोष्ट, प्रत्येक पाहुण्यासाठी पान नव्याने तयार करण्याऐवजी तयार पान साठवून ठेवावे. याला कॅशिंग म्हणतात. समजा, तुम्हाला एका वेळी २० विनंत्यांची मर्यादा आहे. पान तयार व्हायला २ सेकंद लागत असतील, तर सेकंदाला १० जणांची सोय होते. तेच काम ०.२ सेकंदात झाले, तर १०० जणांची. भाडे तेच, जागा तीच.

एवढे करूनही काही खुणा दिसत राहिल्या, तर मात्र निघायची वेळ झाली असे समजावे. पहिली खूण, ५०३ किंवा ५०८ क्रमांकाचा संदेश वारंवार दिसणे. पहिल्याचा अर्थ सेवा तूर्त उपलब्ध नाही, दुसऱ्याचा बहुधा तुमच्या वाट्याची मर्यादा संपली. जाहिरातीत ‘अमर्याद’ लिहिलेले असले, तरी प्रोसेसर आणि मेमरीची मर्यादा करारात असतेच. दुसरी, तुमच्याकडे गर्दी नसतानाही पान रेंगाळणे. म्हणजे शेजारी जास्त वापरतो आहे. तिसरी, शेजाऱ्याने नको त्या मेल पाठवल्यामुळे सामाईक पत्ता काळ्या यादीत जाणे आणि तुमच्या ऑर्डरची पोच गिऱ्हाइकाच्या स्पॅममध्ये पडणे.

मात्र एका दिवसाची गर्दी आणि कायमची वाढ यांत फरक करावा. १६ जुलै २०२१ रोजी दहावीचा निकाल लागला, तेव्हा राज्यभरातून एकाच वेळी विद्यार्थी तुटून पडले आणि निकालाची संकेतस्थळे कित्येक तास उघडेनात. सरकारी व्यवस्थेचीही अशी गत होते. लग्नासाठी आपण घर वाढवत नाही, अंगणात मांडव घालतो. क्लाउड होस्टिंगमध्ये हंगामापुरती ताकद वाढवून नंतर कमी करता येते. वर्षभर गर्दी वाढतीच असेल, तर व्हीपीएस घ्यावा. त्यातही संगणक सामाईकच असतो, पण ठरलेली मेमरी आणि प्रोसेसर तुमच्या नावे राखून ठेवतात.

स्वतंत्र बिऱ्हाड केले, की जबाबदारीही आली. सुरक्षेच्या सुधारणा, बॅकअप, फायरवॉल हे सारे शेअर्ड होस्टिंगमध्ये बरेचसे मालक पाहतो. व्हीपीएसवर ते तुमचे काम. सांभाळणारा माणूस नसेल, तर थोडे जास्त पैसे देऊन ‘मॅनेज्ड’ सेवा घ्यावी. बेवारस व्हीपीएसपेक्षा नीट चाललेले शेअर्ड होस्टिंग केव्हाही बरे.

हलवण्याचा मुहूर्तही महत्त्वाचा. भर हंगामात हात लावू नये. पावसाळा संपल्यावर, मोहोर दिसण्याआधी हे काम उरकावे. एक-दोन दिवस आधी डीएनएस नोंदीची मुदत ३०० सेकंदांवर आणावी, म्हणजे नवा पत्ता लवकर पसरतो. सामान हलवताना तासभर ऑर्डर घेणे थांबवावे. जुनी जागा लगेच सोडू नये, पंधरा दिवस तरी ठेवावी. आणि नव्या जागी एक खोटी ऑर्डर नोंदवून, तिची पोच मिळते का, ते स्वतः पाहावे.