आजाचा पुरावा

दावा नामंजूर झाल्याच्या पत्रात कारण एका ओळीत उरकलं होतं: ७५ वर्षांच्या वास्तव्याचा पुरावा नाही. पत्र ज्याच्या नावाने आलं तो चंद्रपूर जिल्ह्याच्या पूर्वेकडचा ढिवर. तलावात मासे धरतो, जंगलाच्या कडेला थोडं धान लावतो. त्याच्या गोंड शेजाऱ्याला वनहक्क कायद्याखाली १३ डिसेंबर २००५ च्या आधीपासूनचा ताबा दाखवला की पुरतं. ढिवर अनुसूचित जमातीत येत नाही, म्हणून त्याला त्या तारखेपासून तीन पिढ्या मागे जावं लागतं. कायद्यात पिढी २५ वर्षांची, म्हणून ७५. म्हणजे डिसेंबर १९३० मध्ये आजा इथेच राहत होता, हे नातवाने आज दाखवायचं. तो आजा शोधायला निघाला तेव्हा मीही त्याच्यासोबत गेलो.

रेकॉर्ड रूममध्ये डांबरगोळ्यांचा वास नाकात बसतो. अर्ज दिला, तिकीट लावलं, बस्ता निघाला. खरं काम पुढे, आणि ते गुरुजींचं. गुरुजी म्हणजे मोडी वाचणारे निवृत्त शिक्षक. लिहिणाऱ्याने आधी पानभर आडवी रेघ ओढून घेतलेली आणि हात न उचलता तिच्याखाली अक्षरं टांगलेली. गुरुजी कागदाला बोट लावत नाहीत, नख ओळीच्या वर अधांतरी धरून सरकवतात. नख थांबलं की आमचाही श्वास थांबतो.

“जनगणनेत तं असनच ना जी नाव?” दावेदाराने विचारलं. प्रश्न भाबडा नव्हता. वनहक्क नियमांतल्या पुराव्यांच्या यादीत जनगणना आहेच. आणि १९३१ ची जनगणना २६ फेब्रुवारीची, म्हणजे त्याला हव्या असलेल्या तारखेनंतर जेमतेम अडीच महिन्यांची. तेव्हाच्या मध्य प्रांतातल्या चांदा जिल्ह्यात त्याचा आजा मोजलाही गेला असेल. पण छापील खंडांत उरले ते आकडे. कोणत्या जातीची किती माणसं हे मिळतं, त्यातला याचा आजा कोणता हे नाही. शिवाय १९४८ च्या कायद्याने जनगणनेच्या वैयक्तिक नोंदी पाहायलाही मिळत नाहीत आणि सहसा पुरावा म्हणूनही चालत नाहीत. अमेरिकेत ७२ वर्षांनी जनगणनेची पानं नावांसकट खुली होतात, तिथला नातू घरबसल्या आजोबांचा पत्ता काढतो. आपला नातू ७५ चा आकडा खिशात घेऊन तहसिलीत उभा.

बंदोबस्ताच्या कागदांतही त्याच्या हाती फारसं लागलं नाही. मालगुजारी गाव, तेव्हा मालगुजाराचं नाव ठळक, त्याखाली कुळं. सालदार, मासेमार, जंगलाच्या कडेला तुकडा फोडून खाणारा यांना तिथे जागा नव्हती. ज्याच्याकडून सारा यायचा त्याचीच सरकारने आठवण ठेवली. आणि आता पुरावा मागायचा तो मात्र उरलेल्यांकडून!

“कोतवाल बुक काढा,” गुरुजी म्हणाले. गावातल्या जन्म-मृत्यूची खबर कोतवालाने द्यायची, त्या नोंदवहीत जमीन नसलेल्यालाही जागा मिळते. मृत्यूच्या रकान्यात पानामागून पानं ‘ताप’. जन्माच्या रकान्यात बाळाला नाव नाही, नुसतं मुलगा किंवा मुलगी. नाव बापाचं, वल्द आजाचं, पुढे जात. आडनावाचा पत्ता नाही. त्यात इकडे सोमवारी जन्मला तो सोमा, मंगळवारी जन्मला तो मंगरू. एका गावात सोमे तरी किती असावेत!

“सापडला का जी?”

“थांब ना बाबू.”

नख एका ओळीवर अडलं. ढिवर. बाळाच्या बापाचं नाव दावेदाराच्या आजाशी जुळलं, वल्द जुळलं, साल १९३० च्या आतलं. जन्मलेली ती मुलगी. दावेदाराने बोटं मोजली. “मोठी आत्या. लहानपणीच गेली म्हणत.” तिचं नाव घरात कोणालाच ठाऊक नव्हतं, आणि सगळा दावा आता तिच्या जन्मावर येऊन ठेपला होता. त्याचा बाप पुढे बऱ्याच वर्षांनी जन्मला, त्याच्या नोंदीचा ७५ साठी काही उपयोग नाही.

गुरुजींनी घाई केली नाही. त्याच नावाचा दुसरा ढिवर त्या वहीत नाही ना, हे मागची-पुढची पानं चाळून पाहिलं. दावा तपासणाऱ्या समितीत कोणी शंका काढली तर उत्तर हवं, एवढंच म्हणाले. मग लिप्यंतराच्या कोऱ्या कागदावर देवनागरीत एकेक रकाना उतरवायला घेतला. बाळाच्या नावाची जागा मुळात रिकामी होती, तशीच ठेवली.

एका पुराव्यावर भागत नाही, नियमात एकाहून अधिक पुरावे बघायचे आहेत. त्यात जुनी विहीर चालते, मसणवटी चालते, वंशावळ चालते, वडीलधाऱ्यांचा लेखी जबाबही चालतो. गावात तितकं वय झालेली एकच म्हातारी, आणि ती नेमकी याची चुलती.

“घरची बाई चालते का जी?”

गुरुजींनी पिशवीतून नियमांची पुस्तिका काढली, पान शोधलं. “दावेदार सोडून दुसरं कोणी पाहिजे, इतकंच लिहिलंय. चुलती दावेदार आहे का?”

“नाही जी.”

“मग उद्याच लिहून घ्या जबाब. आणि आत्याचं नाव आठवते का, तेही विचार तिले.”