चाचांची वेबसाइट

सकाळी ७.४०. सांगली, विश्रामबाग. दुसऱ्या मजल्यावर वेबसाइट करणाऱ्या एका मुलीची खोली. नळाला पाणी येऊन गेलंय, बादल्या भरून ठेवल्यात. टेबलावर २८ हजारांना घेतलेला जुना लॅपटॉप, शेजारी काच तडकलेला साधा अँड्रॉइड. ती आधी फोन उचलते. "गिऱ्हाईक ह्याच्यावर बघणार." आज सुधारायची साइट मिरजेच्या एका तंबोरे करणाऱ्या कारागिराची. ती त्यांना चाचा म्हणते. माझा चहा निम्मा होतो, तेव्हा पहिला फोटो निम्मा उमटतो.

८.१५. वहीत दोन रकाने: काढायचं, ठेवायचं. काढायच्यात फिरते पाच फोटो, सरकती लाल ओळ, किती जण येऊन गेले ते मोजणारी पट्टी. ठेवायच्यात फोन नंबर, पत्ता, वाद्यांचे फोटो आणि तंबोऱ्याचा आवाज. आवाजाची गंमतच आहे. साइट उघडली की तंबोरा सुरू व्हावा, ही चाचांची हौस. पण क्रोम २०१८ पासून आपणहून आवाज लावू देत नाही. पहिल्यांदा येणाऱ्याला तो ऐकूच येत नाही. चाचांना हे कुणी सांगितलेलं नाही.

९.००. मजकूर प्रेसवाल्याकडून आलाय, माहितीपत्रकाचा, जुन्या फाँटात टाइप केलेला. इथे चिकटवला की नुसती इंग्रजी अक्षरांची आणि चिन्हांची खिचडी. कन्व्हर्टरमधून काढला की युनिकोड होतो, पण रफार हमखास चुकतो. 'कर्नाटक'चं 'कनार्टक' झालंय. ती ओळीखाली बोट धरून वाचते, खोडते, पुन्हा टाइप करते. दोन पानांना दीड तास. ह्याचे वेगळे पैसे कुणी देत नाही. बिलात ह्याला नावही नसतं.

१०.४०. आता खरं काम. मथळ्याच्या अक्षरांत कुणीतरी तीन पिक्सेलची मोकळी जागा सोडलीय. इंग्रजीत ती ऐटदार दिसते, देवनागरीत शिरोरेषा तुटते. 'तंबोरा'तला तं एकीकडे, बो एकीकडे, रा एकीकडे. ती तीनचं शून्य करते. रेघ सांधते. मग ओळींमधलं अंतर, १.२ वरून १.७. वरच्या ओळीचा उकार खालच्या वेलांटीत घुसत होता, तो सुटतो. अक्षर १३ चं १८. मजकूर फिकट करडा, मागे पिवळसर रंग. दोन्हींतला फरक मोजला तर दोनास एकच्या आसपास. निदान साडेचारास एक हवा, असा जगभरचा दंडक आहे. ती करडा गडद करते. साठीच्या गवयाला चष्मा न शोधता वाचता आलं पाहिजे, हा तिचा स्वतःचा दंडक.

कोडच्या वरच्या ओळीत भाषा हिंदी नोंदवलेली. तयार साच्यातून आलेली, कुणी बदललीच नाही. ती मराठी करते आणि मला म्हणते, "आता बघा हं." पडद्यावर ल पाकळीचा होतो, श देठाचा. सगळ्या फाँटांत ही सोय नसते, ह्यात आहे. सकाळपासून मी पाहिलेलं हे सगळ्यात छोटं काम, आणि मला सगळ्यात आवडलेलं.

११.५०. लाईट गेली. देखभालीचा वार. बॅटरी दोन तास टिकेल. इंटरनेट नाही, म्हणून फोटोंचं काम हाती घेते. चौदा फोटो, एकेक पाच एमबीच्या घरात. रुंदी कमी, वेबपीत साठवणूक, एकेक दीडशे केबी. सत्तर एमबीचे दोन झाले. प्रत्येक फोटोखाली एक ओळ लिहायची, न दिसणाऱ्याला फोन वाचून दाखवेल अशी. 'फोटो १' चालत नाही.

१.१५. भाकरी, वांगं, ठेचा.

२.३०. शंभरचं पेट्रोल टाकून मिरज. सतारमेकर गल्ली. वर टांगलेले वाळके भोपळे, जमिनीवर लाकडाचा भुसा. चाचा हात पुसतात.

"बस पोरी. ते मानांकनाचं मोठं लावलंस न्हवं?"

२०२४ साली मिरजेच्या सतारीला आणि तंबोऱ्याला भौगोलिक मानांकन मिळालं. चाचांना ते पहिल्या पडद्यावर, सोनेरी अक्षरांत हवंय. ती नावाखाली एक ओळ द्यायचं कबूल करते. सोनेरीवर गप्प राहते.

मग आवाज. मूळ ध्वनिफीत तीन मिनिटांची, तीस एमबी. मिनिटभराचा तुकडा घेतला आणि दाबला की पाऊण एमबीच्या आत. तिने सुरुवातीचं मिनिट कापून आणलंय. चाचा हेडफोन लावतात. दहा सेकंदांत काढतात.

"ह्यात जवारी खुलल्याली न्हाई."

समोरचा तंबोरा ओढतात. घोडीवर तारेखाली सुती दोरा असतो, तो नखाने केसभर पुढे सरकवतात. तार बद्द वाजत होती. आता गुंजते, थांबतच नाही. हीच खुललेली जवारी.

"हे कळायला पायजे ऐकणाऱ्याला. दुसऱ्या मिंटापासनं घे."

ती घेते. मोठं बटण, वर 'तंबोरा ऐका'. चाचा दोनदा दाबून बघतात.

५.२०. परत खोलीवर. लाईट आलीय. साइट चढवते. डोमेन आधीच्या करून देणाऱ्याने स्वतःच्या नावावर घेतलं होतं. मागे लागून ते चाचांच्या नावावर केलं. वर्षाचे हजारभर रुपये आता चाचाच भरतील, आणि साइट त्यांची राहील. तडकलेल्या फोनवर उघडते. तीन सेकंद. फोन आडवा, उभा, पुन्हा आडवा. नंबरवर बोट ठेवल्यावर फोन लागतो का, तेही बघते. लागतो. चाचाच उचलतात.

७.०५. "बघितलं की. पण नवीन काय केलंस? फिरतं फोटू गेलं, लाल पट्टी गेली."

"चाचा, तुमच्या फोनवर लगेच उघडलं का?"

"उघाडलं."

"आधी?"

"आधी मी उघडतच न्हवतो."

ठरलेले बारा हजार. चार आधी आले होते, पाच आत्ता येतात. उरलेले तीन भोपळेवाल्याचं भागवल्यावर. ती वहीत मांडते.

"आणि ऐक, पोराच्या सतारींचं पण एक पान कर. त्याचं किती घेशील?"

"फोटो पाठवा आधी. बघून सांगते."