डाव्या पुडीची कणीक

अकोल्याच्या जुन्या शहरात आमचे घर. वडील भजनी मंडळात मृदंग वाजवीत. शनिवारी रात्री मंडळ ओसरीवर बसले, की आम्हा मुलांना टाळांच्याही आधी जाणवे तो मृदंगाच्या डाव्या बाजूचा घुमारा. तो कानांनी ऐकावा लागत नसे. सारवलेल्या जमिनीतून तो बसल्या जागी पोटात शिरे.

आता बाबांनी पंच्याऐंशी ओलांडली. बोटे थरथरतात, मृदंग खुंटीला आहे आणि मंडळातले बहुतेक सोबती गेले. उरली आहे ती १९८९ सालच्या एका रात्रीची कॅसेट. मागच्या वर्षी मी ती मोबाईलवर उतरवून घेतली आणि मोठ्या हौसेने त्यांना ऐकविली. दोन मिनिटे ऐकून ते म्हणाले, "टाळ आयकू येते, पेटी आयकू येते. माही डावी पुडी कुठी गेली?"

मी अमरावतीला आयुष्यभर पदार्थविज्ञान शिकविले. त्यामुळे पुडी कुठे गेली ते मला ठाऊक होते. आवाज म्हणजे हवेची हालचाल. ४० हर्ट्‌झच्या खर्जाची एक लहर साडेआठ मीटर लांब असते. एवढी हवा हलवायची तर पडदा मोठा हवा, नाहीतर त्याने पुष्कळ मागेपुढे व्हायला हवे. सूर एक सप्तक खाली नेला आणि आवाज तेवढाच ठेवायचा म्हटले, तर पडद्याला चौपट हालावे लागते. मोबाईलमधल्या नखाएवढ्या पडद्याच्या ते आवाक्याबाहेरचे आहे.

बाजारात तयार सबवूफर मिळतात. पण बाबांची खोली दहा बाय दहाची आणि त्यात बाज, कपाट, औषधांचे टेबल. पेटी हवी ती बाजेखाली सरकणारी, म्हणजे फूटभराची. निवृत्त माणसाला वेळेची ददात नसते. मी ती स्वतःच करायची ठरविली.

या धंद्यात एक जुना नियम आहे. लहान पेटी, खोल खर्ज आणि थोड्या विजेत मोठा आवाज या तिन्ही गोष्टी एकदम मिळत नाहीत. दोन घ्या, तिसरी सोडा. पेटीला भोक पाडून आत नळी बसविली, तर पेटीतली हवा आणि नळीतली हवा मिळून घुमतात आणि खर्जाला आधार मिळतो. पण माझ्या अठरा लिटरच्या पेटीला ३५ हर्ट्‌झवर घुमवायचे, तर चार इंच व्यासाची नळी तीन फुटांहून लांब येत होती. फूटभर पेटीत तीन फुटांची नळी कशी मावायची? नळी बारीक केली तर लांबी कमी होते, पण तिच्यातून हवा फसफसत धावते आणि भजनात वाऱ्याचा आवाज मिसळतो.

यावरची तोड फार जुनी आहे. अमेरिकेतल्या आरसीए कंपनीतले हॅरी ऑल्सन यांना १९३५ साली तिचे पेटंट मिळाले. नळीच्या जागी आणखी एक पडदा बसवायचा. त्याला चुंबक नाही, तारेचे वेटोळे नाही, वीज नाही. मुख्य पडदा हालला की पेटीतली हवा दाबली जाते आणि हा मुका पडदा आपोआप हालतो. यालाच पॅसिव्ह रेडिएटर म्हणतात. त्याचे गणित रिचर्ड स्मॉल यांनी १९७४ साली नीट मांडून दिले. आज हातात मावणाऱ्या अनेक ब्लूटूथ स्पीकरच्या दोन्ही टोकांना जे थरथरताना दिसते, ते हेच.

अमरावतीच्या सुताराकडून १८ मिलिमीटर एमडीएफची बारा इंची चौकोनी पेटी करून घेतली. समोर आठ इंची वूफर आणि डाव्या-उजव्या बाजूंना आठ-आठ इंचांचे दोन मुके पडदे बसविले. दोन अशासाठी, की मुक्या पडद्यांनी मुख्य पडद्याच्या निदान दुप्पट हवा हलवावी. शिवाय समोरासमोर असले की त्यांचे धक्के एकमेकांना मारतात आणि हलकी पेटी जमिनीवर सरकत नाही. आत भिंतींना पातळ कापडात शिवलेला पिंजलेला कापूस लावला. वऱ्हाडात त्यासाठी दुसरे काय शोधायचे? पण तो भिंतींपुरताच. ठासून भरला तर मुक्या पडद्यांचा जोर मरतो.

पहिल्याच दिवशी फसलो. मुख्य पडदा हाताने हलकेच दाबून धरला, की मुके पडदे बाहेर येऊन तिथेच थांबायला हवेत. ते लगेच परत फिरत होते. पेटी कुठेतरी फुटकी होती. तार जाते ते भोक बुजवायचे मी विसरलो होतो. एम-सील लावून पेटी बडनेऱ्याहून रेल्वेने अकोल्याला नेली. १०० हर्ट्‌झच्या वरचे सूर घरातल्या जुन्या स्पीकरांना दिले, खालचे या पेटीला, आणि कॅसेट लावली.

खर्ज आला, पण एकाच सुरात भोंगणारा. प्रत्येक थाप सारखीच. बाबा म्हणाले, "हा मुरदंग नाय, बापा. कोठीवर बुक्क्या मारून राह्यला कोणी." मग ते वाकून बाजूच्या पडद्याकडे पाहू लागले. "याले तार नाही, तरी हालून राह्यला?" मी समजावू लागलो, तर त्यांनी मला थांबविले. मृदंगाच्या एका तोंडावर थाप मारली की दुसरे तोंड हालतेच, हे त्यांना कोणी शिकवायला नको होते. ते म्हणाले, "चढला हाय तो. थोडी कणीक लाव न त्याले!"

मी चाट पडलो. वाजविण्याआधी डाव्या पुडीवर ओली कणीक थापायची, की वजनाने पुडीचा सूर उतरतो. मुका पडदाही अगदी असाच लावतात. हालणारे वजन वाढविले की त्याचा सूर उतरतो. माझी पेटी पन्नास हर्ट्‌झच्या वर घुमत होती, म्हणजे मृदंगाच्या बोलांच्या फार जवळ, म्हणून प्रत्येक थाप त्याच सुरात ओढली जात होती. मी गणित केले होते, पण पडद्यांबरोबर आलेले वजन पुरेल असे गृहीत धरून बसलो होतो.

कणकेऐवजी लोखंडी वायसर आणले. दोन्ही पडद्यांच्या मागच्या खिळीवर सारखेच, थोडे थोडे चढवीत गेलो. दर खेपेस मोबाईलवरून एकेक सूर सोडून पाहायचे. पेटीच्या खास सुरावर मुख्य पडदा जवळजवळ थांबतो आणि मुके पडदे सर्वांत जास्त हालतात. दर पडद्याला सुमारे शंभर ग्रॅम चढले, तेव्हा तो सूर ३५ हर्ट्‌झच्या आसपास उतरला. त्याच्याही खाली मुख्य पडदा मोकाट हालू लागतो, म्हणून तिथले सूर अ‍ॅम्प्लिफायरमध्येच अडविले.

संध्याकाळी पुन्हा कॅसेट लावली. आवाज मोठा नव्हता, शेजारच्यांना कळलाही नसेल. पण आता थापेथापेतला फरक कळत होता. बाबांचा डावा हात बाजेच्या लाकडावर आपोआप चालू लागला. मी त्यांच्या चेहऱ्याकडे पाहत होतो. एका अभंगाच्या मध्यावर त्यांनी हात थांबविला आणि हसले.

"इथी माहा ठेका सुटला होता," ते म्हणाले. "कोणाच्या ध्यानात आलं नव्हतं त्या रात्री."