रिमोट घ्या, सामान बांधा!

शुक्रवार, रात्रीचे साडेनऊ. ‘वीकेंडला कुठे?’ या एकाच प्रश्नाने व्हॉट्सअॅपचे सगळे ग्रुप तापलेले असतात. कुणी इगतपुरी म्हणतं, कुणी थेट गोवा. मग एकाला शनिवारी ऑफिस असतं, दुसऱ्याचा ईएमआय आडवा येतो, तिसऱ्याच्या सुट्ट्याच संपलेल्या असतात... आणि ट्रिप नेहमीप्रमाणे ‘नेक्स्ट मंथ नक्की’वर येऊन थांबते. ओळखीचं वाटतंय ना?

मी मात्र हल्ली त्या वेळी प्रवासात असते. नाशिकरोडच्या आमच्या फ्लॅटच्या हॉलमध्ये, सोफ्यावर मांडी ठोकून! सोबत आई, बाबा, चिवड्याचा डबा आणि रिमोट. आमच्या घरात याला ‘शुक्रवारची गाडी’ म्हणतात. ती कधी गोव्याला जाते, कधी लडाखला, कधी स्वित्झर्लंडला. तिकीट नाही, वेटिंग लिस्ट नाही, आणि खिडकीची सीट कायम बाबांची.

वहीतली गावं

ही गाडी सुरू झाली ती हौसेने नाही. बाबा नाशिकरोडच्या प्रेसमध्ये होते. ‘रिटायर झालो की बघ, घरात सापडणार नाही,’ हा त्यांचा डायलॉग ऐकत मी मोठी झाले. ते रिटायर झाले आणि वर्षभरातच अर्धांगवायूचा झटका आला. जिवावरचं निभावलं, पण डावा पाय रुसला तो रुसलाच. घरातल्या घरात काठी घेऊन चालतात. जिने उतरायचे म्हणजे मोठी मोहीम.

त्या वर्षी दिवाळीच्या साफसफाईत माळ्यावर एक वही सापडली. वर सुबक अक्षरात लिहिलं होतं, ‘सुरभि’. नव्वदच्या दशकात दूरदर्शनवर सिद्धार्थ काक आणि रेणुका शहाणे यांचा तो कार्यक्रम लागायचा. देशाच्या कानाकोपऱ्यातली गावं, कला, माणसं दाखवणारा. शेवटच्या प्रश्नाचं उत्तर पोस्टकार्डावर लिहून पाठवायचं, आणि देशभरातून कार्डांचा नुसता पाऊस पडायचा. त्यात आमच्या बाबांचीही कार्डं असायची, हे मला त्या दिवशी कळलं! बक्षीस कधी लागलं नाही. पण टीव्हीवर आवडलेलं प्रत्येक ठिकाण त्यांनी वहीत उतरवून ठेवलं होतं. एकूण त्रेचाळीस. पुढे टिकमार्क फक्त दोन. पंढरपूर आणि शिर्डी.

मला आधी हसू आलं. मग माझ्याच मोबाइलमधला ‘सेव्ह’ केलेल्या रील्सचा फोल्डर आठवला. स्पिती, हंपी, व्हिएतनाम, मेघालय... दीडशेच्या वर ठिकाणं. टिकमार्क? एकही नाही. वहीच्या जागी फोन आला, बाकी सगळं सेम टू सेम. खरं सांगते, पोटात गोळा आला.

हे चरणपूर कुठेय?

तर अशी आमची गाडी सुटली. नियम एकच. सिनेमा बघताना बाबा विचारणार, ‘हे खरंच कुठलं गं?’ आणि मी पॉज करून शोधणार.

पहिल्याच शुक्रवारी धक्का! आशुतोष गोवारीकरांच्या ‘स्वदेस’मधलं (2004) शाहरुख खानचं चरणपूर कथेत उत्तर प्रदेशातलं. प्रत्यक्षात त्या गावाचं बरंचसं शूटिंग झालंय आपल्या सातारा जिल्ह्यात, वाईजवळच्या मेणवलीत. कृष्णेचा तो देखणा घाट नाना फडणवीसांच्या वाड्यामागचा. फोनवर वाचत होते, ‘तिथे एक मोठी घंटा आहे. वसईच्या मोहिमेनंतर आणलेली, पोर्तुगीज.’ बाबा ताठ बसले. म्हणाले, ‘मग ती आपल्या नारोशंकराच्या घंटेची बहीणच की!’ पंचवटीतल्या नारोशंकर मंदिराची घंटाही वसईच्या विजयाची खूण. शाळेपासून बघितलेली ती घंटा आणि तीनशे किलोमीटरवरचं मेणवली यांचं नातं मला सोफ्यावर बसून कळलं.

मग आम्ही सुटलोच. ‘दिल चाहता है’मध्ये (2001) तिघे मित्र जिथे बसतात तो गोव्याचा शापोरा किल्ला. त्याला आता अनेक जण ‘दिल चाहता है’वालाच किल्ला म्हणतात. अविनाश अरुणचा ‘किल्ला’ लावला आणि आमच्या हॉलमध्ये गुहागरच्या बाजूचा पाऊस सुरू झाला. बदलीच्या गावी आलेली आई आणि तिचा बावरलेला मुलगा. अख्खा सिनेमा ओला आहे! बर्लिनच्या महोत्सवात 2014 मध्ये त्याला क्रिस्टल बेअर मिळालं होतं. आईची फर्माइश ‘रात्रीस खेळ चाले’ची. 2016 मध्ये ती मालिका आली आणि सावंतवाडीजवळच्या आकेरी गावातला ‘नाईकांचा वाडा’ बघायला लोकांची रीघ लागली. भुताच्या वाड्यात सहकुटुंब सहल... हे मराठी माणूसच करू जाणे!

सिनेमात थंडी वाजत नाही

पण एक सांगू? पडदा थापाही मारतो. ‘थ्री इडियट्स’ (2009) आला आणि पँगाँग तलाव घराघरात पोहोचला. शेवटच्या सीनमधलं ते निळं पाणी बघून पर्यटकांची झुंबड उडाली. चौदा हजार फुटांच्या आसपास हवा किती विरळ असते, डोकं कसं ठणकतं, हे सिनेमा सांगत नाही. बाबांच्या भाषेत, ‘सिनेमात थंडी वाजत नाही, भूक लागत नाही आणि बाथरूम शोधावं लागत नाही.’

म्हणजे घरबसल्या प्रवास खोटा का? मला तसं वाटत नाही. घर घ्यायचं ठरलं की आपण आधी विसार देतो ना, तसा सिनेमा हा प्रवासाचा विसार आहे. जागा आपल्या नावावर झाली असं नाही, पण बोलणी पक्की झाली. प्रश्न एवढाच, की पुढचे पैसे आपण भरतो का? बाबांचे त्रेचाळीस विसार दिलेले होते. माझे दीडशे.

ज्याने विसार दिला आणि जहाजही पकडलं

सिनेमा बघून घराबाहेर पडलेल्या माणसांत आपल्या नाशिक जिल्ह्याचा नंबर फार वरचा आहे बरं का! 1870 मध्ये त्र्यंबकेश्वरला जन्मलेले धुंडिराज गोविंद फाळके. 1910 मध्ये त्यांनी मुंबईत ‘लाइफ ऑफ ख्राइस्ट’ हा मूकपट पाहिला आणि आपले राम-कृष्ण पडद्यावर दिसले पाहिजेत या विचाराने त्यांना झपाटलं. वय चाळीस, हाताशी पैसा नाही, डोळ्यांनी मध्येच दगा दिलेला. तरी त्यांनी विम्याच्या पॉलिसीवर कर्ज उभं केलं आणि फेब्रुवारी 1912 मध्ये लंडनचं जहाज गाठलं. काही आठवड्यांत तंत्र बघून, कॅमेऱ्याची ऑर्डर देऊन परतले. 3 मे 1913 ला गिरगावच्या कॉरोनेशनमध्ये ‘राजा हरिश्चंद्र’ लागला. पुढे बिऱ्हाड नाशिकला आलं, इथेच त्यांनी एकामागून एक चित्रपट काढले आणि 1944 मध्ये इथेच डोळे मिटले.

पांडवलेणीच्या पायथ्याशी त्यांचं स्मारक आहे. आपण तिथे शाळेच्या सहलीत जातो, डबा खातो आणि विसरतो. त्या माणसाने ‘नेक्स्ट मंथ’ म्हटलं असतं तर?

दहा किलोमीटरचा परदेश

आणि मग एका शुक्रवारी आम्ही निखिल महाजनचा ‘गोदावरी’ लावला. नोव्हेंबर 2022 मध्ये प्रदर्शित झालेला, आपल्याच नाशकात घडणारा. नदीकाठच्या घराण्यातला, भाडी गोळा करत फिरणारा आणि नदीवरच चिडलेला निशिकांत. हे काम जितेंद्र जोशीने असं केलंय की 2021 च्या इफ्फीत त्याला सर्वोत्कृष्ट अभिनेत्याचा पुरस्कार मिळाला. पडद्यावर घाट, जुने वाडे, संध्याकाळचं पाणी. मी सवयीने रिमोट उचलला. पण या वेळी बाबांनी ‘हे कुठलं गं?’ विचारलंच नाही. बऱ्याच वेळाने म्हणाले, ‘चार वर्षं झाली रामकुंडावर जाऊन.’

घरापासून रामकुंड नऊ-दहा किलोमीटर. मी स्वित्झर्लंडचे नकाशे शोधत होते आणि बाबांना त्यांचं गाव परदेश झालं होतं! मी रोज पंचवटीच्या बाजूने जाते-येते. हे मला एकदाही सुचलं नव्हतं.

त्याच रविवारी पहाटे निघालो. शेजारच्या काकांची गाडी, जिन्यावर दोन माणसं, दोन मजले उतरायला पंचवीस मिनिटं. बाबांना कठड्याशी खुर्चीत बसवलं. समोर दुतोंड्या मारुती, ज्याच्या कुठपर्यंत पाणी आलं यावर अख्खं नाशिक पूर मोजतं. बाबांनी सगळं निवांत बघून घेतलं. मग म्हणाले, ‘सिनेमात पाणी जास्त स्वच्छ होतं.’ आम्ही तिघंही हसलो. आईने हसता हसता पदर डोळ्यांना लावला.

घरी आल्यावर त्यांनी वही मागितली. चव्वेचाळिसावं ठिकाण लिहिलं, ‘रामकुंड’. पुढे टिकमार्क. मग मला म्हणाले, ‘माझी एक्केचाळीस राहिली. तुझी किती?’

आम्ही मेणवली नक्की केलंय. घाटाच्या पायऱ्या त्यांना जमणार नाहीत, वरून बघतील. खाली मी उतरेन आणि त्यांना घंटेचा फोटो आणून दाखवेन. पुढच्या महिन्यात नाही हं, येत्या वीस तारखेला. रजा टाकून झाली आहे!

या वीकेंडची गाडी

• घाट आणि गाव हवं असेल तर: ‘स्वदेस’. पुढचा स्टॉप मेणवली.

• पाऊस आणि समुद्र हवा असेल तर: ‘किल्ला’. पुढचा स्टॉप गुहागर.

• मित्रांची आठवण येत असेल तर: ‘दिल चाहता है’. पुढचा स्टॉप शापोरा. आणि त्या ग्रुपवर आज तारीख टाका, महिना नको.

• नाशिककर असाल तर: ‘गोदावरी’. पुढचा स्टॉप तुम्हाला ठाऊक आहे. जाताना घरातल्या कुणाला तरी सोबत न्या.