तेरची मूर्ती आणि होलोग्रामचे छिद्र

आपल्या जिल्ह्यातील तेरच्या रामलिंगप्पा लामतुरे पुराणवस्तू संग्रहालयात सातवाहनकालीन हस्तिदंती स्त्रीमूर्ती आहे. तिची प्रतिमा, डेनिस गाबोर यांनी १९४७ मध्ये शोधलेल्या होलोग्राफीने साठवायची आहे, असे समजू. भिंगातून गेलेला प्रकाश नाभीप्रतलावर विभागला जातो: ठळक आकारांचा मध्याशी, बारीक रेषांचा, म्हणजेच उच्च अवकाशीय वारंवारितांचा, कडेला. तेथे छिद्र लहान ठेवल्यास नोंद थोड्या जागेत मावते. परंतु कडेचा प्रकाश अडतो. मूर्तीची आकृती उरते, अलंकारांची नक्षी पुसट होते. संगणकीय माहितीत शेजारचे ठिपके परस्परांत मिसळून शून्याच्या जागी एक वाचला जातो. छिद्र फार मोठे केल्यास जागा वाया जाते. म्हणून कोणती बारीक रेषा गमावून चालणार नाही, हे आधी ठरवावे लागते; नोंदताना अडलेला प्रकाश त्या नोंदीत पुन्हा सापडत नाही.