पूर्वचारित्र्याची चौकशी : आवश्यकता व मर्यादा

आमच्या वडिलांच्या काळी दुकानात दिवाणजी किंवा हमाल ठेवावयाचा झाल्यास ओळखीच्या एका गृहस्थाचा शब्द पुरेसा होत असे. माणूस कोणत्या गावचा व कोणाच्या घरचा, एवढे कळले की काम भागे. आज वखारीत दूरदूरच्या प्रांतांतून माणसे येतात. त्यांस ओळखणारे पेठेत कोणी नसते. सबब पोलिसांकडील चारित्र्याचा दाखला मागण्याची रीत पडत चालली आहे. ती योग्यच होय. परंतु तो दाखला वाचावा कसा, याविषयी दोन शब्द सभासद बंधूंपुढे ठेवावे असे वाटते.

या बाबतीत सर्व धंद्यांस सारखा नियम नाही. नैतिक अधःपाताच्या गुन्ह्यात दोषी ठरलेल्या इसमास बँकिंग नियमन कायदा, १९४९ अन्वये बँकेस नोकरीत ठेवता येत नाही. २००५ च्या कायद्याप्रमाणे खाजगी सुरक्षा संस्थांनी पहारेकऱ्याचे पूर्ववृत्त तपासणे बंधनकारक आहे. शाळा, पाळणाघरे अशा संस्थांस पॉक्सो नियम, २०२० प्रमाणे शिक्षकापासून शिपायापर्यंत प्रत्येकाची वेळोवेळी पोलिस पडताळणी करून घ्यावी लागते. आमच्या धान्याच्या धंद्यात अशी अट नाही. येथे मालकाचा विवेक हाच नियम; म्हणूनच त्याची जबाबदारी अधिक.

या विवेकात आम्ही एकदा चुकलो. काही वर्षांपूर्वी जमाखर्च लिहिण्याच्या कामासाठी एक तरुण आला. अक्षर सुरेख, हिशेब चोख. परंतु दाखल्यात मारामारीच्या खटल्याची नोंद दिसताच आम्ही कागद परत केला. एक प्रश्नही विचारला नाही. मागाहून कळले की, शेताच्या बांधावरून झालेल्या तंट्यात सर्व भाऊबंदांची नावे फिर्यादीत गोवली गेली होती व न्यायालयाने त्यास निर्दोष सोडले होते. त्याच वर्षी नात्यातला म्हणून दाखल्यावाचून ज्यास गल्ल्यावर बसविले, त्याने उधारीची वसुली परस्पर खर्ची घातली. पैसा हळूहळू भरून निघाला. त्या तरुणास विन्मुख पाठविल्याची रुखरुख मात्र अद्याप गेलेली नाही.

फिर्याद होणे निराळे व दोषी ठरणे निराळे. सरकारी नोकरीसंबंधीच्या अवतार सिंग प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने २०१६ साली माहिती दडविणे गंभीर मानले. तथापि गुन्हा किरकोळ की भारी, नोकरीचे स्वरूप काय, हे पाहून निर्णय करावा असेही सांगितले. बाल न्याय कायदा, २०१५ देखील, काही घोर अपराध वगळता, अल्पवयातील अपराधाचा डाग मुलास जन्मभर लागू देत नाही.

यास्तव आमची नम्र सूचना अशी. दाखला मागावयाचा तर सर्वांकडे मागावा. हमालास एक न्याय व भाच्यास दुसरा, असे नसावे. नोंद आढळल्यास ती त्याच इसमाची आहे ना, की केवळ नामसादृश्य आहे, याची खात्री करावी, निकालाची प्रत पाहावी व त्याचे म्हणणे शांतपणे ऐकावे. गुन्ह्याचा कामाशी संबंध पाहावा. अफरातफरीत दोषी ठरलेल्याच्या हाती गल्ला देऊ नये. पण तरुणपणीचा एखादा तंटा पोती उचलण्याच्या आड का यावा? आणि कळलेली गोष्ट पेठेत बोलू नये. त्याने कित्येकांची भाकरी जाते.

निःशंकित अंगाचे उदाहरण म्हणून आपल्या परंपरेने ज्याचे नाव घेतले, तो अंजन प्रथम चोरच होता, हे आपण लहानपणापासून ऐकत आलो आहोत. शिवाय अचौर्याणुव्रताच्या अतिचारांत कमी-अधिक मापाने देणे-घेणे हाही दोष सांगितला आहे. नोकराचा दाखला हाती घेताना आपल्या तराजूकडेही एकवार पाहावे, एवढीच विनंती. जयजिनेंद्र.